नोकरी नसलेल्या मुलाखती

आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एक गृहस्थ रोज सकाळी मुलाखती घ्यायचे. द्यायला त्यांच्याकडे नोकरी नव्हती. हे ते आधीच सांगून टाकायचे. "माझ्याकडे जागा नाही. पण मुलाखत खरी घेईन." एवढं बोलून समोरच्याला बाहेरच्या बाकावर बसायला लावायचे.

मुलाखतीची जागा म्हणजे आमच्या गणपती मंडळाची खोली. एका भिंतीला कॅरम टेकवलेला, कोपऱ्यात ढोल, जुन्या मखराचे खांब, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक टेबल नि खुर्च्या. संध्याकाळी ती खोली मुलांची असायची, सकाळी यांची. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पट्टा, लेस बांधलेले बूट अशा थाटात ते जिना उतरून यायचे. घरापासून खोलीपर्यंत अंतर ते काय, जिना संपला की खोली. तरी बूट घातल्याशिवाय कधी आले नाहीत.

सगळे त्यांना साहेब म्हणत. भांडुपला एका कारखान्यात ते पर्सोनेल ऑफिसर होते. तो कारखाना कधीच बंद पडला, आता तिथे टॉवर आहेत, खाली स्विमिंग पूल आहे. साहेब हा शब्द तेवढा मागे राहिला.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. अंधेरीच्या ऑफिसात मी बिलिंग बघायचे. एक दिवस आमचं अख्खं डिपार्टमेंट दुसऱ्या शहरात हलवायचं ठरलं, आणि सोबत माणसं हलवायची गरज नाही हेही ठरलं. मग मी अर्ज करायला लागले. सकाळी चहा घेऊन बसायचं ते जेवणापर्यंत अर्ज. उत्तर कोणाचंच नाही. "नाही" असंसुद्धा कोणी म्हणायचं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

नवरा म्हणाला, "खाली साहेबांकडे जाऊन ये ना एकदा."

"म्हाताऱ्याचा टाइमपास व्हावा म्हणून मी जाऊ?"

"तू तरी दिवसभर काय करतेयस?"

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. पण बोलून गेला होता. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसचा ड्रेस घालून खाली गेले.

माझ्याशिवाय दुसरं कोणी आलेलं नव्हतं. तरीही साहेबांनी मला बाकावर बसवलं. खिडकीतून मला ते दिसत होते. ताठ बसलेले, हात टेबलावर, काहीही न करता. बराच वेळ गेल्यावर आतून माझ्या पूर्ण नावाची खणखणीत हाक आली.

"अहो साहेब, मी एकटीच तर आहे इथे," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

"नाव पुकारलं की उठून आत यायचं. बाहेरून बोलायचं नाही."

आत गेले. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडलीत? इंटरनेटवर वाचलेलं उत्तर मी फेकलं, नवीन चॅलेंज हवं होतं. साहेबांनी चष्मा वर केला.

"मॅडम, खोटं बोलायचं तर बोला, पण नीट बोला. सोडली का काढलं?"

"म्हणजे... डिपार्टमेंट शिफ्ट झालं."

"काढलं."

"हो."

"मग काढलं म्हणा. एकदा म्हणून बघा."

मी म्हटलं. तोंडातून तो शब्द निघायला फार वेळ लागला आणि निघाल्यावर एकदम रडू आलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि माझं होईपर्यंत कॅरमकडे बघत बसले. मग पुढचा प्रश्न. "सध्या काय करता?"

"ब्रेकवर आहे."

"बेकार आहात. ही काही शिवी नाही. ताप आलाय म्हणतो ना आपण, तसं म्हणायचं."

बिलिंगचं काम कसं चालायचं ते मात्र त्यांनी खूप विचारलं. चुकलेलं बिल मी कसं पकडायचे, गिऱ्हाईक भांडायला लागलं की काय करायचे. ते सांगताना मी कितीतरी दिवसांनी सलग बोलले. शेवटी ते उठले, मान झुकवली आणि म्हणाले, "कळवतो."

जिना चढताना मला हसू आलं. हा शब्द मी किती ठिकाणी ऐकला होता!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात साहेब. आमची लिफ्ट तेव्हा बंद होती, त्यामुळे घामाघूम झालेले. आणि इथे मला एक सांगायला हवं, की सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. वर्क फ्रॉम होम चालू आहे एवढंच त्यांना माहीत. मी रोज डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून बसायचे.

"तुमची निवड झालेली नाही," साहेब दारातच म्हणाले.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कसली निवड?"

"काही नाही, सोसायटीचं काहीतरी..." मी म्हटलं.

"नोकरीची," साहेब म्हणाले. "मॅडम, सुरुवातीची उत्तरं पाठ केलेली वाटली. कामाबद्दल बोललात तेव्हा माणूस समोर आला. तेवढंच बोलत जा. पुढच्या आठवड्यात पुन्हा या." नमस्कार करून ते कठड्याला धरून सावकाश उतरायला लागले.

मी दार लावलं. सासूबाई कुडाळकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढून घरात मालवणीच बोलतात. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"माका म्हायत नाय असा वाटला तुका?" त्या म्हणाल्या. "महिनो झालो गे, तुझो फोन वाजूक नाय. कामावरच्या माणसाचो फोन वाजता."

मी टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

"ता मशीन बंद कर आता. उगाच लायट जळता." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी साहेबांवर चिडूनच खाली गेले. म्हटलं, घरी कशाला आलात? ते शांतपणे म्हणाले, "कळवतो म्हटलं होतं ना." त्यांचं सगळ्यांशी हेच होतं. ज्याला म्हणून कळवतो म्हटलं त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी हजर. कोणी विक्रोळी स्टेशनपलीकडचा असला तरी रिक्षा करून जायचे. निवड कोणाचीच व्हायची नाही, कारण जागाच नव्हती. पण का झाली नाही ते प्रत्येकाला तोंडावर सांगायचे. काही लोक चिडायचे, एकाने दार आपटलं. बरेचजण मात्र पुन्हा यायचे. आमच्यापैकी कित्येकांना त्या काळात मिळालेलं ते एकमेव उत्तर होतं.

या माणसाला मुलाखतीशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही. गणपतीला नवे गुरुजी ठरवायचे होते तेव्हा मंडळाने त्यांना साहेबांसमोर बसवण्याची चूक केली. "आधीची पूजा का सोडलीत?" साहेबांनी विचारलं. गुरुजींनी उपरणं सावरलं आणि सरळ उठून गेले. त्या वर्षी आरती मोबाईल लावून झाली.

मग मी रोजच खाली जायला लागले. साहेब म्हणाले, मुलाखत एकट्याने घ्यायची नसते, पॅनेल लागतं. तुम्ही बसा बाजूला. अशी मी बेकार माणसांच्या मुलाखती घेणारी बेकार पॅनेल मेंबर झाले. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं होतं.

त्या खुर्चीवरून जे दिसायचं ते पेपरात वाचून कळलं नसतं. पेपर साहेब रोज वाचायचे. बेकारी कमी झाल्याची बातमी आली की घडी घालून बाजूला ठेवायचे आणि बाहेर बाकाकडे नजर टाकायचे, बस. पूर्वीचं ते सांगायचे, एलबीएस रोडवरचे कारखाने एकामागून एक गेले तेव्हाचं. तेव्हा या बाकावर फिटर आणि टर्नर बसायचे, हात तेलाने काळे झालेले, धुऊन न जाणारे. त्यांना वॉचमनची नोकरी हवी असायची आणि ती मागताना लाज वाटायची. पुढे पॅकिंगमधल्या बायका आल्या. मग कॉल सेंटरची पोरं, फाडफाड इंग्लिश बोलणारी, पंचविशीतच थकलेली.

"आणि आता तुम्ही," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्यासारखे. चाळिशीचे, ऑफिसवाले. कर्जाचं घर, इंग्लिश मीडियमचं पोर. पूर्वी आधी कंपनी मरायची, मग माणूस बेकार व्हायचा. निदान दोघांचं सुतक एकदम तरी असायचं. आता कंपनी ठणठणीत आहे, नफ्यात आहे आणि माणूस बाहेर."

एकदा एक मुलगा पाठीवर डिलिव्हरीची मोठी बॅग घेऊनच आत आला. म्हणाला, "साहेब, मुलाखत नको. फक्त एवढं सांगा, मी कामावर आहे की बेकार? दिवसभर गाडी चालवतो, पण ॲपने कधी ऑर्डर दिली तर दिली. सासरे विचारतात, मला धड सांगता येत नाही यार." साहेबांनी त्याच्या बॅगेकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "मलाही सांगता येणार नाही." तो मुलगा गेल्यावर त्यांनी त्या दिवशीच्या बाकीच्या मुलाखती घेतल्या नाहीत. माणसाला स्वतःला काय म्हणावं हे कळू नये याचा त्यांना खरंच त्रास झाला होता.

कारखाना बंद झाला तेव्हाचं मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी, मुलाखती चालू असताना वरून चहाचा थर्मास घेऊन यायच्या. मालकांचं म्हणणं होतं की सुट्टीच्या दिवशी गेटवर नोटीस चिकटवावी आणि कुलूप लावावं. यांनी ऐकलं नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसवलं, मग सांगितलं. कित्येक दिवस ते चाललं होतं.

"मी म्हटलं, कशाला तुम्ही सगळ्यांच्या शिव्या खाताय?" काकू सांगत होत्या. "तर म्हणाले, उभ्या माणसाला असं सांगायचं नसतं गं. बसवून सांगायचं. एक दिवस घरी आले ते शर्ट पुढून ओला. कोणीतरी पाण्याचा ग्लास अंगावर मारला होता. शर्ट काढून दोरीवर टाकला आणि जेवायला बसले."

हे ऐकल्यावर साहेबांच्या चक्रमपणावर हसायची माझी सवय गेली.

त्यांचा मुलगा त्यांच्याच घरात राहायचा. पवईला मोठ्या हुद्द्यावर होता. कामावर जाताना मुलाखतीच्या खोलीसमोरून जायचा, पण आत बघायचा नाही. वडिलांच्या या खेळाची त्याला लाज वाटायची हे सगळ्यांना माहीत होतं. मग एक दिवस त्याचं जाणंच बंद झालं. काकू थर्मास ठेवून लगेच वर जायला लागल्या. साहेब काही बोलायचे नाहीत आणि आम्हीही विचारायचो नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. अख्ख्या कॉलनीच्या मुलाखती घेणाऱ्या माणसाला घरातल्या घरात एक प्रश्न विचारता येत नव्हता.

आणि एका सकाळी मी खोलीत आले तर तो बाकावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, बूट. माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, लगेच बोलावतील. पण नाही. सगळ्यांना बसवायचे तेवढाच वेळ त्यांनी मुलालाही बसवलं. मग खुर्चीत सावरून बसले आणि नाव पुकारलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं नाव स्वतःचंच होतं.

मुलगा आत आला, बसला. साहेबांनी त्याला अहो-जाहो केलं.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"सोडली नाही. काढलं."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना. पासवर्ड चुकतोय म्हणून मी तीनतीनदा टाकत होतो. आयटीला फोन केला तर तो मुलगा म्हणाला, सर, तुमचं नाव सिस्टिममध्ये नाहीये. मग नंतर मेल आला."

"कोणी बोलावून घेतलं नाही? बसवून सांगितलं नाही?"

"नाही."

"मॅनेजर? तुमच्या हाताखालची माणसं?"

"नाही ना."

साहेबांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला, परत उचलला. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. पुढचा प्रश्न काही येईना. इतक्या दिवसांत त्यांचा प्रश्न अडलेला मी पाहिला नव्हता.

"बसा," ते शेवटी म्हणाले.

"बसलोच आहे, बाबा."

"हो. बसा." त्यांचा हात टेबलावरून पुढे सरकला आणि मध्येच थांबला. मी उठले आणि थर्मास भरून आणायचं निमित्त करून बाहेर आले. त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर येताना फक्त एवढं ऐकू आलं, "कळवतो."

दुसऱ्या सकाळचं काकूंनी सांगितलं. साहेब बूट घालून, स्वतःच्या घरातून बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. काकूंना वाटलं, चष्मा विसरले. दार मुलाने उघडलं.

"तुमची निवड झालेली नाही," साहेब म्हणाले. "दोष उमेदवाराचा नाही. मुलाखत घेणाऱ्याला पुढे घेता आली नाही."

मुलाने त्यांच्या दंडाला धरलं, म्हणाला, "आत या ना, बाबा," आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. त्यांच्या बुटांच्या लेस त्यानेच सोडल्या. त्या दिवशी बापलेक गॅलरीत बसून दुपारपर्यंत बोलत होते. काय बोलत होते ते काकूंनी ऐकलं असणार, पण मला सांगितलं नाही.

तो मुलगा आता मुलुंडला एका क्लासमध्ये गणित शिकवतो. बरं चाललंय म्हणतो. बरं म्हणजे कितपत, हे आम्ही खोदून विचारत नाही.

त्यानंतर साहेब मऊ झाले. मुलाखती चालू राहिल्या, पण "काढलं म्हणा" असं कोणाला बजावायचे नाहीत. कधीकधी तर स्वतःच बाहेर बाकावर, आलेल्या माणसाशेजारी जाऊन बसायचे आणि मुलाखत तिथेच उरकायचे.

मला काम मिळालं तेव्हा त्यांच्या घरात बांधाबांध चालली होती. आमच्या ओळीतल्या जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला गेल्या आणि त्यांत साहेबांची सगळ्यात आधी रिकामी करायची होती. ते बदलापूरला भाड्याने जाणार होते. मी पेढे घेऊन गेले. खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून साहेब बसले होते. मुलुंडला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंगचंच काम आहे, ऑफिस लहान आहे, पण रिक्षाने जाता येतं, असं सगळं मी सांगितलं. त्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"तुमच्या जागी आधी कोण होतं?"

"माहीत नाही."

"रिटायर झाले का काढलं?"

"नाही विचारलं, साहेब."

"विचारा."

"अहो, तिचं अभिनंदन तरी करा आधी!" आतून काकू ओरडल्या.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. पण त्यांची नजर माझ्यामागे कुठेतरी होती, जणू तिथे आणखी कोणीतरी उभं आहे आणि त्याला खुर्ची द्यायची राहून गेली आहे.

बदलापूरला त्यांचं मन रमलं नाही. थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले. आम्हाला कळलं ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि कळलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं येत राहिली. कोणाकोणाची ती नावं! कोणी ठाण्याहून, कोणी वाकोल्याहून, एकदोन तर दुबईहून. सगळे कधी ना कधी त्या बाकावर बसलेले.

त्या आठवड्यात मी ऑफिसात विचारलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "त्या मॅडम होत्या ना... बरीच वर्षं होत्या. नवीन सिस्टिम आली, त्यांना जमेना म्हणे. मग जायला सांगितलं." तिच्याकडे नंबर होता. तिने तो दिला आणि म्हणाली, "माझं नाव नका हं सांगू."

तो नंबर घेऊन मी बरेच दिवस नुसती बसून होते. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन लावला.

"हॅलो, कोण?" पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

मी नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं. "मी तुमच्या जागेवर बसते."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग सावध आवाज आला, "काही सापडत नाहीये का?"

"नाही, नाही. सगळं सापडतंय. नीट लावलेलं आहे तुम्ही."

"मग फोन कशाला केलात?"

साहेबांचं नाव सांगून तरी त्यांना काय कळणार होतं? "असाच," मी म्हटलं. "कशा आहात, ते विचारायला."

"बरी आहे." कुकरखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. "ऑफिसातून कोणाचा फोन नाही आला. तुमचाच पहिला."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. त्या फोन ठेवत नव्हत्या.

"खिडकीकडचंच टेबल ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिथे एसी थेट मानेवर येतो. मी सांगून सांगून थकले, कोणी फिरवला नाही. शाल नेत जा."

"हो," मी म्हटलं. माझी मान तेव्हाही दुखतच होती.